इंडियमच्या काचा आणि केळीचा चीक

फिजिक्सच्या प्रयोगशाळेत साप घेऊन आलेला माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला. सोनगीरकडचा होता. लोणच्याची चिनी मातीची बरणी, तोंडाला धोतराचा फडका घट्ट बांधलेला, आणि ती त्याने सरळ माझ्या टेबलावर, स्पेक्ट्रोमीटरच्या शेजारी आणून ठेवली.

"भाऊ, तुमनाकडे सापनं इख वळखानी काच शे ना? मंग दखा बरं, हाऊ इखारी शे का?"

मी स्टुलासकट मागे सरकलो. त्याला समजावलं, की बाबा, आमची काच साप ओळखत नाही. चावलेल्या माणसाच्या जखमेत विष आहे की नाही, एवढंच सांगते. त्याने बरणीकडे बघत थोडा विचार केला.

"म्हंजे पहिले चावू देवानं का?"

बरणीत धामण होती, हे नंतर झूलॉजीच्या लोकांनी सांगितलं. तोवर आमचे विभागप्रमुख दोन जिने उतरून मैदानात जाऊन उभे राहिले होते.

मी तेव्हा धुळ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. सहायक म्हणजे प्राध्यापक जे फळ्यावर करतात ते टेबलावर होतंय का, हे बघणारा माणूस. होत नाही, हे सगळ्यांत आधी मलाच कळायचं. मला सगळे बापू म्हणत. स्वभाव तापट, आणि एका जागी बसायची सवय नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी नाही. हा लेखही उठत-बसत लिहितोय. संपादकांनी नोकरीतले गमतीदार अनुभव मागितलेत. गमतीदार आहेत तेवढे आधी देतो, मग जे आहे ते.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. पेरणी सुरू झाली की आमच्याकडच्या दवाखान्यांत साप चावलेली माणसं यायला लागत. डॉक्टरची अडचण अशी, की त्यातल्या पुष्कळांच्या अंगात विष गेलेलंच नसतं. साप बिनविषारी असतो, नाहीतर विषारी असून नुसता दात लावून निघून जातो. मग सरसकट सगळ्यांना प्रतिविषाचं इंजेक्शन द्यावं, तर तेही साधं औषध नाही. घोड्याला थोडं थोडं विष टोचत गेलं की त्याच्या रक्तात विषाला पकडून ठेवणारे रेणू तयार होतात, ते काढून बाटलीत भरतात. कुणाकुणाला ते सोसत नाही. अंगभर गांधी उठतात, श्वास कोंडतो, माणूस सापाऐवजी इंजेक्शननेच जायची वेळ येते. शिवाय खेड्यातल्या दवाखान्यात बाटल्या मोजक्याच. आणि मण्यारीचं तर विचारूच नका. तिच्या चाव्याची खूण धड दिसत नाही, सूज नाही, ठणका नाही. माणूस स्वतःच्या पायांनी चालत येतो, आणि काही तासांनी त्याच्या पापण्या मिटायला लागतात.

आमच्या देवरे सरांचा चुलतभाऊ असाच गेला होता. सर फिजिक्स शिकवायचे. गावात काही झालं की त्याचं गणित मांडायचे. एके दिवशी ते एक परदेशी मासिक छातीशी धरून जवळजवळ पळतच आले.

"बापू, एका रेणूएवढा पातळ थर नुसत्या डोळ्यांनी दिसतो, असं लिहिलंय. फक्त काचेवर इंडियमचे कण बसवायचे. आपल्याकडे पंप आहे."

पंप होता. हवा काढून घ्यायचा, वर काचेची मोठी घंटा असलेला पंप. तो कधी काळी अनुदानातून आला होता आणि पाहुणे आले की दाखवायच्या कामाचा होता. मी त्याच्यावर पडदा घालून ठेवला होता.

काम सांगायला सोपं आहे. घंटेखाली वर काचपट्ट्या टांगायच्या, खाली धातूच्या पत्र्याच्या खोलगट पळीत इंडियमचा तुकडा ठेवायचा. इंडियम म्हणजे चांदीसारखा दिसणारा, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ धातू. घंटेतली हवा काढून घ्यायची आणि पळीतून वीज सोडायची. इंडियम वितळतं, त्याची वाफ होते आणि वरच्या काचेवर बसते. बर्फाच्या पाण्याच्या पेल्यावर बाहेरून दव धरतं ना, सलग नाही, बारीक बारीक थेंबांचं, तसंच हेही बसतं. फक्त हे थेंब इतके लहान की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. प्रकाशाच्या लाटेपेक्षाही लहान. म्हणून त्या काचेतून पाहिलं की प्रकाश वेगळाच दिसतो, फिकट तपकिरी. त्यावर प्रथिनाचा एक थर बसला की ती जरा गडद होते. त्या थरावर आणखी एक बसला की आणखी गडद. हल्ली पेपरात उठता-बसता 'नॅनो' वाचतो. आम्ही त्याला 'देवरे सरांचं दव' म्हणत होतो.

काचेवर आधी प्रतिविष पसरायचं. त्यातले रेणू काचेला चिकटून बसतात, वर हात पसरून. मग जखमेतून कापसाने टिपलेलं पाणी मधोमध एक थेंब ठेवायचं. अर्धा तास थांबून धुवायचं. विष असेल तर ते प्रतिविषाने पकडलेलं असतं, आणि मधोमध टिकलीएवढा गडद डाग उमटतो. नसेल तर काच कोरी. ना यंत्र, ना बॅटरी. खिडकीशी पांढऱ्या कागदावर धरली की झालं.

सांगायला सोपं, असं म्हणालो मी. या पंपाला थंड करायला सतत वाहतं पाणी लागतं, आणि धुळ्यात उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसे. मी गच्चीवर ड्रम चढवला, त्यातून नळी सोडली, खाली बादलीत पडलेलं पाणी पुन्हा वर नेऊन ओतत राहिलो. एका खेपेच्या काचांसाठी मी तीन मजले किती वेळा चढलो ते माझ्या गुडघ्यांना विचारा. मध्येच वीज गेली की सगळं मुसळ केरात. काचा काळ्याकुट्ट निघायच्या, नाहीतर नुसत्या आरशासारख्या. सर म्हणायचे, "पुन्हा करू." त्यांना म्हणायला काय जातं!

काचाही नीट मिळेनात. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या परवडत नव्हत्या, म्हणून मी सत्तारभाईंना गाठलं. त्यांचं आरशांना कलई करायचं दुकान. अर्ध्या धुळ्यातल्या सलूनवाल्यांचे आरसे त्यांच्या हातचे. फोटोफ्रेमची पातळ काच ते मला हव्या त्या मापात कापून द्यायचे. माझी पहिली खेप पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"बापू, ये क्या साफ किया? पाणी टाक वर. बघ, पाणी फाटतंय. साफ काचेवर पाणी फाटत नाही, चादरीसारखं पसरतं. तू हात लावतो ना, वही गलती है."

त्या एका वाक्याने आमचं निम्मं संशोधन मार्गी लागलं. सरांनी अहवालात आभार मानताना त्यांचं नाव घातलं. सत्तारभाईंनी तो कागद स्वतःच फ्रेम करून दुकानात लावला आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, की इथे सापाच्या काचा बनतात. बरणीवाला बहुतेक तिथूनच आला असावा.

पहिलं खरं गिऱ्हाईक मात्र डॉक्टर नव्हता. तो होता हिरामण भगत. धुळे तालुक्यातल्या एका खेड्यात मंत्राने सापाचं विष उतरवायचा. एक दिवस पांढरं धोतर, कपाळाला शेंदूर अशा थाटात प्रयोगशाळेत आला आणि सरांच्या समोर खुर्ची ओढून बसला. सर अंधश्रद्धेवर भाषणं करणारे; त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"सर, मन्हाकडे दहा येतस, त्यामा आठ जणसले इखच नही ऱ्हास. त्या मन्हा मंतरघाई बरा व्हतस. दोन मरतस, आनि मन्हं नाव खराब व्हस. माले ती काच द्या. ज्यानी काच काळी व्हई, त्याले मी तुमना डाक्टरकडे धाडी देसू."

सर माझ्याकडे बघायला लागले, मी सरांकडे. मंत्राने कोण बरं होतं आणि का होतं, हे या माणसाला आमच्याइतकंच माहीत होतं. एवढा चोख हिशेब मी कुठल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. आम्ही त्याला काचा दिल्या, कशा वापरायच्या ते शिकवलं. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता. तो पावसाळा संपेपर्यंत त्याने काळ्या डागाचे तिघे धुळ्याला पाठवले, तिघेही जगले. कोऱ्या काचा तो फडक्यात गुंडाळून परत आणून द्यायचा, कुणाची कोणती ते तोंडपाठ सांगत. त्यातलं कुणी दगावलं नाही. इकडे मंत्राची कीर्ती दुप्पट झाली ती वेगळीच.

इथपर्यंतच्या गोष्टी मी लग्नाकार्यात सांगतो. लोक हसतात. यानंतरचं कधी सांगितलेलं नाही.

धुळ्याकडे काम जमलं म्हणून सरांनी काचा जळगावकडे न्यायचं ठरवलं. जळगावच्या पलीकडे, यावल रस्त्यावरच्या एका गावात डॉ. झांबरे यांचा दवाखाना होता. चहूकडे केळीचे मळे, मळ्यांत ओल, ओलीत बेडूक आणि उंदीर, आणि त्यांच्यामागे साप. मी जळगावातल्या पिंप्राळ्यात बहिणीकडे मुक्काम करायचो आणि सकाळच्या बसने तिकडे जायचो. डॉक्टर धडपडे, मोकळे. त्यांनी पहिल्या आठवड्यात सात जणांना काच लावली. सातही काळ्या.

आम्ही आनंदलो हो! काय सांगू. आपल्या काचेने सात जीव वाचवले असं वाटलं. पुढच्या आठवड्यात आणखी पाच, तेही काळे. एवढे सगळे साप विषारी कसे? पाचवे होते एक म्हातारे आबा. त्यांना प्रतिविष दिलं आणि पाच मिनिटांत त्यांचे ओठ सुजले, रक्तदाब पडला, नाडी लागेना. डॉक्टरांनी इंजेक्शनांवर इंजेक्शनं देऊन त्यांना कसंबसं परत आणलं. संध्याकाळी त्यांच्या मुलांनी मळ्यात मारलेला साप दाखवायला आणला. ती पाणदिवड होती, साधी, बिनविषारी. डॉक्टरांनी माझी काचांची पेटी उचलून दाराबाहेर ठेवली.

पिंप्राळ्याला परत आलो तर बहीण माझा सदरा धुवायला घेऊन बसली होती. "भाऊ, हे काय लागलंय रे? केळीचा चीक आहे ना? आता हा सदरा गेला म्हण. हा डाग जन्मात निघत नाही."

मी तसाच उठलो. केळी पट्ट्यात कुणाला साप चावला की पहिली गोष्ट काय करतात? केळीचं खोड कापून त्याचा रस जखमेवर पिळतात, थोडा पाजतातही. घरोघरची रीत. तो रस कापडाला जसा धरतो, तसा प्रथिनालाही धरतो. काचेवर बसलेल्या प्रतिविषाला त्याने मिठी मारली आणि डाग उमटवला. धुळ्याकडे ज्वारी-कपाशीचा मुलूख, तिथे खोडाचा रस आणणार कुठून? म्हणून हिरामणच्या काचा खऱ्या बोलल्या. मी दुसऱ्या दिवशी एका काचेवर नुसता खोडाचा रस ठेवून पाहिला. काळाभोर डाग. विषाचा थेंबही नसताना.

यावर सरांनी तोड काढली. जोडकाच. एका काचेवर प्रतिविष, दुसरीवर साध्या घोड्याचं रक्तद्रव, ज्याला कधी विष टोचलेलं नाही. दोन्हींवर एकाच जखमेचा थेंब ठेवायचा. चीक असेल तर दोन्ही काळ्या होतील, त्याला कुठलंही घोड्याचं प्रथिन चालतं. विष असेल तर फक्त पहिली. साधा घोडा कुठून आणायचा, तर सत्तारभाईंच्या साडूचा टांगा होता. गुरांच्या डॉक्टरने त्याच्या घोडीचं रक्त काढून दिलं. साडू पुढे किती दिवस विचारत होता, "मेरी घोडी ने कितने बचाए?"

जोडकाच चालली. झांबरे डॉक्टरांनी पेटी पुन्हा आत घेतली. दोन्ही काळ्या आल्या की आम्ही रुग्णाला बसवून ठेवायचो, लक्ष ठेवायचो, आणि तो संध्याकाळी चहा पिऊन घरी जायचा. असं पुष्कळदा झालं. इतकं, की मला दुसरी काच लावायच्या आधीच उत्तर कळायला लागलं. म्हणजे तसं वाटायला लागलं. चिकाच्या डागाची कड जराशी पिवळट असते, विषाच्या डागाची तशी नसते, असं मी डॉक्टरांना ठासून सांगायचो. खरं म्हणजे हे मी कधी तपासलं नव्हतं. पण माझ्याएवढ्या काचा दुसऱ्या कुणी पाहिल्याच नव्हत्या, तर मला खोडून काढणार कोण? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

त्या दिवशी मी नव्या काचांची पेटी पोचवायला गेलो होतो. सकाळी नऊच्या सुमाराला केळी कापणाऱ्या टोळीतला एक जण आला. सुपडू. तिशीचा असेल. सोबत त्याचा मोठा भाऊ तोताराम. सुपडू चालत आला होता, हसत होता. पायाला काहीतरी टोचलं, पानांच्या ढिगात काहीतरी सळसळलं, एवढंच. साप पाहिला नाही. टोळीतल्या बायकांनी खोडाचा रस घोट्यापर्यंत ओतला होता. पाय आणि चप्पल त्याने माखलेले.

"काटाच रुतला असंन," सुपडू म्हणाला. "हे माह्या भावाचं काम हाय, उगा घेऊन आला."

"काटा तं काटा," तोताराम म्हणाला. "पाहून घ्या ना डाक्टर एकदा."

डॉक्टरांनी जखम पुसून टिपली. मी पहिली काच लावली. अर्ध्या तासाने धुतली, खिडकीशी धरली. काळा डाग, चांगला ठसठशीत. डॉक्टर दुसऱ्या काचेची पुडी सोडायला लागले.

"ती कशाला वाया घालवता?" मी म्हणालो. "पाय बघा त्याचा. चीक नाहीतर काय आहे?"

"लावून घेऊ या ना, बापू."

"डॉक्टर, हा डाग मी डोळे मिटून ओळखतो."

वाया घालवता. हा शब्द मीच वापरला. त्या काचांसाठी मी तीन-तीन मजले पाणी वाहिलं होतं, म्हणून मला एकेक काच सोन्यासारखी वाटायची. त्यात बाराची बस होती, ती मला गाठायची होती. आणि डॉक्टरही मनातून घाबरलेले होते, त्या आबांमुळे. दुधाने तोंड पोळलेला माणूस. त्यांना प्रतिविष न देण्याचं कारण हवंच होतं, ते मी दिलं. त्यांनी पुडी पुन्हा बांधून ठेवली. सुपडूला ओसरीवरच्या बाकावर बसवलं.

मी पेटी आवरली, चहा घेतला. बाकाशी जाऊन सुपडूशी दोन शब्द बोललो. तो म्हणाला, पापण्या जड झाल्या, झोप येऊन रायली. डॉक्टर आतून धावत आले. त्यांनी त्याला वर बघायला सांगितलं. त्याला पापण्या उचलता येईनात. मग गिळता येईना. आवाज नाकातून यायला लागला. मण्यार.

प्रतिविष लावलं, सगळ्या बाटल्या. केळीचा ट्रक भरून निघायच्या तयारीत होता, त्यातले घड उतरवून त्याला आत घेतलं आणि जळगावकडे निघालो. डॉक्टर तोंडावर रबरी फुगा धरून श्वास देत होते, दमले की मी. तोताराम त्याचे तळपाय चोळत होता. फुगा दाबताना मला सुपडूच्या चेहऱ्याकडे बघावं लागत होतं. त्याला सगळं कळत होतं, नुसता डोळा उघडता येत नव्हता. मी त्याच्या हातात माझं बोट दिलं तर त्याने ते दाबलं. तापीच्या पुलाच्या अलीकडे त्याचं हृदय थांबलं. आम्ही फुगा दाबतच राहिलो, जळगाव येईपर्यंत.

डॉक्टर जळगावातच थांबले, पोलिसांच्या कागदांसाठी. मी दवाखान्यात परतलो, पेटी घ्यायला. तिथे कुणी नव्हतं. सकाळच्या परीक्षानळीत त्याच्या जखमेचं पाणी थोडं शिल्लक होतं. मी दुसरी काच लावली. का लावली? मला वाटतं, दोन्ही काळ्या याव्यात म्हणून. म्हणजे चीकही होता, काच काही सांगू शकत नव्हती, माझा इलाज नव्हता, असं झालं असतं. अर्धा तास मी त्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग धुतली, खिडकीशी धरली. दुसरी काच कोरी होती. पायावर एवढा चीक होता, पण डॉक्टरांनी या खेपेला आधी जखम स्वच्छ पुसून मग टिपलं होतं. चिकाचा मागमूस नव्हता. पहिल्या काचेवरचा डाग सगळा विषाचा होता. तिने सकाळी दहाच्या आत खरं सांगितलं होतं.

ती कोरी काच मी खिशात घातली. धुळ्याला येऊन सरांना सांगितलं, की दुसरी काच लावायला वेळ मिळाला नाही, आणि लावली असती तरी दोन्ही काळ्याच आल्या असत्या, पाय चिकाने भरला होता. सरांनी मान खाली घातली. त्यांनी अहवालात लिहिलं, की केळी पट्ट्यात ही पद्धत भरवशाची नाही. झांबरे डॉक्टरांनीही तेच कळवलं. पुढच्या वर्षासाठी सरांनी अनुदान मागितलंच नाही. पंपावर पुन्हा पडदा पडला, आणि तो मीच घातला.

दीड-दोन महिन्यांनी तोताराम धुळ्याला आला. एसटीने, पत्ता विचारत विचारत. हातात केळीच्या दोन फण्या. रिकाम्या हाताने कसं यायचं, अशी त्यांची रीत. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. मी तयारही होतो. खरं सांगतो, त्याने धरली असती तर मी सगळं ओकून मोकळा झालो असतो.

पण तो स्टुलावर टेकला, पाणी प्यायला, आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, मी भांडाले नई आलो. सुपडूचं जे व्हतं ते व्हऊन गेलं. एक ईचारायचं व्हतं. आमची टोळी तिसा मानसांची हाय. पोरंसोरं रोज त्याच पाल्यात पाय घालतात. गावात दोन तट पडले. काही म्हनतात, ती काच लावून घेत जावी, काही म्हनतात नको. तुम्ही ती बनवता. तुम्ही सांगान ते मी टोळीले सांगीन. त्या काचेवर भरवसा ठेवाव का नई?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. उत्तरही सरळ होतं. ठेवा. डोळे झाकून ठेवा, फक्त दोन्ही लावायला सांगा, आणि माझ्यासारख्याचं ऐकू नका. तुमच्या भावाला काचेने सोडलं नव्हतं, मी सोडलं. एवढंच बोलायचं होतं. ते ऐकून तीस माणसांनी काचा मागितल्या असत्या. सरांनी पंप पुन्हा सुरू केला असता. पुढे त्या मळ्यांत आणखी कुणी मण्यारीने गेलं असेल तर... गेलंच असेल. मी चौकशी करायला कधी गेलो नाही.

"नका ठेवू," मी म्हणालो. "त्या काचेचं काही खरं नाही."

तोताराम उठला. माझे दोन्ही हात त्याने हातात घेतले.

"खरं सांगतलं तुम्ही, भाऊ," तो म्हणाला. "दुसरा असता तं सोताच्या वस्तूले वाईट म्हनला नसता."